धसका : बालपणीच्या जखमा आणि आपल्या जिल्ह्यातली दोन पुस्तकं

बोईसरला रविवारी संध्याकाळी एवढी माणसं व्याख्यानाला येतात हे बघून बरं वाटलं. शिफ्ट संपवून थेट आलेलेही काहीजण दिसतायत, त्यांचे विशेष आभार.

संयोजकांनी विषय दिला होता, 'बालपणीचे आघात आणि त्यातून सावरणं'. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. महाविद्यालयात मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. त्यामुळे मी हा विषय पुस्तकांकडून घेणार आहे. ते कमीपणाचं नाही असं मला वाटतं, कारण ज्याला आज सगळे 'ट्रॉमा' म्हणतात त्याबद्दल मराठी माणूस आत्मकथनांतून कितीतरी वर्षं बोलतोय. फक्त आपण ती पुस्तकं त्या नजरेनं वाचली नाहीत.

आधी शब्दाबद्दल. 'आघात' हा शब्द बरोबर आहे, पण पुस्तकी आहे. घरात आपण काय म्हणतो? 'पोरानं धसका घेतला.' 'तेव्हापासून ती भेदरलेलीच असते.' 'त्याच्या मनात ते घर करून बसलंय.' बघा, 'धसका घेतला' या बोलण्यात किती बारकावा आहे! घटना घडते एकदा, पण पोर काहीतरी घेतं, आणि घेतलेलं जवळ ठेवतं. मार थांबला, दारू पिणारा माणूस घरातून गेला, तरी दाराची कडी वाजली की खांदे वर जातात. घटना आणि घटनेचं उरलेपण वेगवेगळं असतं. शास्त्रज्ञ पुष्कळ पानं खर्च करून हेच सांगतात.

आता एक पुस्तक, जे सगळ्यांच्या घरात आहे. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ ला छापून आलं. त्यातली पोहण्याची गोष्ट आठवते ना? श्याम विहिरीत उडी मारायला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि पाठवते. या गोष्टीवर आपल्याकडे किती भाषणं झाली असतील! सत्कार समारंभात एखादे साहेब उभे राहतात आणि म्हणतात, 'आमच्या वडिलांनी वेताच्या छडीनं फोडून काढलं, म्हणून आज इथे उभा आहे.' टाळ्या पडतात. (हशा) हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या असतील, मीही वाजवल्यात.

पण गोष्ट नीट वाचा. श्याम पोहून घरी येतो तेव्हा पुढे काय होतं? आई त्याला दही देते. तू रागावलास का, असं विचारते. आपण का मारलं ते सांगते. म्हणजे जिनं दुखावलं तीच परत जवळ येते, दुखलं हे मान्य करते आणि मुलाला त्याचा अर्थ लावायला मदत करते. साहेबांच्या भाषणात हा भाग नसतो. छडी लक्षात राहते, दही विसरतं. आणि खरं सांगू का, ज्या घरात नुसती छडी असते आणि दही कधीच येत नाही, त्या घरातलं पोर सत्काराला उभंच राहत नाही. ते कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं. जगलेल्यांची भाषणं ऐकून मारण्याची बाजू घेणं म्हणजे पुरातून वाचलेल्याला विचारून पूर चांगला ठरवणं. गुरुजींच्या आईनं मारायला नको होतं असंच माझं आजचं मत आहे, पण पुस्तकावर छडीचं समर्थन लादणं हा पुस्तकावरही अन्याय आहे. आणि कायद्याचं विचाराल तर शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे, त्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे.

आता १९७८ कडे येऊ. दया पवारांचं 'बलुतं'. शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी त्याची रचना बघायला सांगायचे. या पुस्तकात लेखक सरळ 'मी' म्हणून सुरुवात करत नाही. लेखकाला एक माणूस भेटतो, दगडू मारुती पवार, आणि तो आपली कहाणी सांगतो. दोघं एकच आहेत. शिकलेला, नोकरी करणारा, पांढरपेशांत वावरणारा एकजण, आणि धामणगावच्या महारवाड्यातून व मुंबईच्या कावाखान्यातून आलेला दुसरा. समीक्षेत याला निवेदनतंत्र म्हणतात, आणि म्हणावंच. पण मला त्यात आणखी काही दिसतं. लहानपणी जे सोसलं ते मोठेपणीच्या 'मी'मध्ये बसत नाही, म्हणून त्याला दुसरं नाव, दुसरी खुर्ची द्यावी लागते. मानसोपचारात आज 'आतल्या मुलाशी बोला' असं सांगतात. पवारांनी ते कुठल्याही कार्यशाळेत न जाता केलं, आणि जास्त प्रामाणिकपणे केलं, कारण त्यांचा दगडू गोंडस नाही. रील्समधलं आतलं मूल नेहमी निरागस असतं, टेडी घेऊन बसलेलं. दगडूला लाज आहे, चीड आहे, आपल्याच माणसांबद्दल अवघडलेपण आहे. दुखावलेलं मूल बहुतेक वेळा असंच असतं. ते चांगलं वागत नाही. चिडतं, खोटं बोलतं, वर्गात कोपऱ्यात बसतं, आणि आपण त्याला 'वाया गेलेलं' म्हणतो.

हे झालं गावाबाहेरचं. आता आपल्या मातीकडे वळते, ज्यासाठी मी खरं तर आले.

आपल्या जिल्ह्याचा जन्म १ ऑगस्ट २०१४ चा, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तुम्हाला 'ठाणे जिल्हा' असंच सापडेल. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० चं पुस्तक, १९७२ ला साहित्य अकादमी पुरस्कार. वारली उठावाचा इतिहास म्हणून ते वाचलं जातं आणि तसं ते आहेच. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन, मे महिन्यात झरीला मोठी सभा आणि वेठ करणार नाही हा निर्धार, ऑक्टोबरमध्ये तलवाड्याचा गोळीबार आणि त्यात गेलेले आदिवासी. हा क्रम तलासरी-डहाणूकडच्या लोकांना पाठ आहे.

मी मात्र ते पुस्तक भीतीचं पुस्तक म्हणून वाचते. लग्नगडी ही पद्धत काय होती? लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटत नाही, कारण हिशेब ज्याच्या वहीत तो मालक. आता त्या घरात जन्मणाऱ्या मुलाचा विचार करा. त्याला कुणी मारलं नाही असं क्षणभर धरू. तरी ते रोज काय पाहतं? मालक आला की बाप वाकतो. आई गप्प होते. आपल्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला कुणीतरी कधीही काहीही करू शकतं, हे त्याला चालायला लागण्याच्या आधी कळतं. मूल जगाचा अंदाज आईबापाच्या चेहऱ्यावरून घेतं. चेहऱ्यावर सतत भीती असेल तर जग म्हणजे भीती. हा वारसा सातबाऱ्यावर येत नाही, पण पिढीतून पिढीत उतरतो.

गोदावरीबाईंना हे दिसलं होतं. त्या पुण्याच्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. पाड्यांवर जाऊन राहिल्या तेव्हा पहिला अडथळा पोलिसांचा नव्हता, लोकांच्या मनातल्या धाकाचा होता. पुस्तकाच्या नावातलं जागं होणं म्हणजे घोषणा द्यायला लागणं एवढंच नाही. सरळ उभं राहून समोरच्याच्या डोळ्यांत बघता येणं, हे त्यात आहे. पण समीक्षक म्हणून माझी एक तक्रार नोंदवते. त्या पुस्तकाच्या नावातला माणूस हा प्रौढ माणूस आहे. मूल हा त्याचा विषय नाही. चळवळीला लढायला मोठी माणसं लागतात, त्यात गैर काही नाही. पण बाप जागा झाला म्हणून पोराचा धसका आपोआप जातो का? मला नाही वाटत.

इथे एक परदेशी नाव घेते. ज्युडिथ हर्मन, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ. १९९२ मध्ये त्यांनी आघात आणि त्यातून सावरणं यावर जे पुस्तक लिहिलं ते आजही या विषयातलं पायाचं मानलं जातं. त्यांचं एक म्हणणं मला फार पटतं. त्या म्हणतात की आघाताचा अभ्यास हा नेहमी राजकीय चळवळीच्या आधारानं पुढे जातो. पाठीशी चळवळ नसेल तर समाज पीडिताचं ऐकूनच घेत नाही, त्यालाच खोटं ठरवतो. स्त्रीमुक्तीची चळवळ झाली म्हणून घरातल्या अत्याचारांबद्दल बोलता आलं. आता हे वारली उठावाला लावून बघा. किसान सभा येण्याआधी वारल्यांना दुःख नव्हतं का? होतं, पण ते सांगायला जागा नव्हती आणि ऐकणारा कान नव्हता. हर्मन सावरण्याचे तीन टप्पे सांगतात. आधी सुरक्षितता. मग आठवणं आणि शोक करणं. मग पुन्हा माणसांत येणं. प्रत्यक्षात हे टप्पे पुढेमागे होतात, तेही त्या सांगतात. पण सुरक्षिततेच्या आधी आठवण उकरायची नाही, यावर त्या ठाम आहेत.

आणि आता गंमत बघा. त्याच १९४५ मध्ये, इथून फार लांब नाही, बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आल्या. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, १९२६ च्या नूतन बालशिक्षण संघापासूनच्या. अनुताई त्यांना नुकत्याच एका शिबिरात भेटलेल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. डाव्या चळवळीतले लोक अनुताई वाचत नाहीत आणि बालशिक्षणवाले गोदावरीबाई वाचत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. दोन्ही पुस्तकं एकाच कपाटात शेजारी ठेवावीत अशी आहेत.

अनुताईंच्या पुस्तकाचं नाव 'कोसबाडच्या टेकडीवरून'. ही बाई कोण होती? जन्म १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न. सहा महिन्यांत विधवा. थांबून याचा विचार करा. आजच्या आठवीतली मुलगी. त्या काळात बालविधवेचं काय होई ते मी सांगायला नको. त्यांच्या नशिबानं घरच्यांनी शिकू दिलं, त्या शिक्षिका झाल्या. आज कुणी समुपदेशक त्यांना भेटला असता तर म्हणाला असता, 'तुम्ही तुमच्या जखमेवर काम केलेलं नाही.' कारण अनुताईंच्या लेखणीचा सूर तक्रारीचा नाही, स्वतःला कुरवाळण्याचा तर नाहीच. त्या मुलांबद्दल, पाड्यांबद्दल, कामाबद्दल लिहितात.

मग त्यांनी दुःख दडपलं का? वाचक म्हणून मी यावर बरीच वर्षं घुटमळले. काहीजण म्हणतात, हा त्या पिढीचा सोशिकपणा. असेल. पण जिचं बालपण तेराव्या वर्षी हिसकावलं गेलं त्या बाईनं उरलेलं आयुष्य तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अशा जागा उभारण्यात घातलं, जिथे मुलाला मूल राहता येईल. हर्मन ज्याला तिसरा टप्पा म्हणतात, पुन्हा माणसांत येणं, तो कधी कधी असाच दिसतो. तरी मी याचा नियम करणार नाही. सेवेत झोकून दिलं की जखम बरी होते, हे खोटं आहे. स्वतःपासून पळण्यासाठी समाजसेवा करणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

मला जास्त रस आहे तो त्यांनी मुलांशी काय केलं यात. बालवाडी उघडली तर पाड्यावरची मुलं येईनात. का येतील? परक्या बायका, परकी भाषा, आणि बाहेरून येणारा माणूस काहीतरी न्यायलाच येतो हा अनुभव. तेव्हा या बायकांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला. जी मुलं गुरं राखायला जात त्यांच्यासाठी कुरणात शाळा, कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, पानं, शिंपले, खडे. आंघोळ, नखं कापणं, गाणी, गोष्टी, रोज तीच वेळ, रोज तेच माणूस.

आता हीच यादी आघाताच्या शास्त्रातून वाचा. भेदरलेल्या मुलाला पहिल्यांदा काय लागतं? ओळखीची जागा. पुढे काय होणार याचा अंदाज. न ओरडणारं, उद्याही येणारं मोठं माणूस. शरीराला काळजीनं लागणारा हात. आपल्या भाषेतलं गाणं. त्या मुलांना कुणी 'तुझ्या घरी काय झालं ते सांग' असं विचारत बसलं नाही. सांगावंसं वाटेल इतकी जागा आधी तयार केली. म्हणून मी कोसबाडच्या पद्धतीला केवळ शिक्षणाचा प्रयोग म्हणत नाही. तिथे 'ट्रॉमा' हा शब्द नव्हता, पण त्यावरचा पहिला उपाय होता.

आजच्या लोकप्रिय पुस्तकांशी माझं भांडण इथेच आहे. बेसेल व्हॅन डर कोल्क यांचं २०१४ चं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलंय. शरीर आघात लक्षात ठेवतं हा त्याचा गाभा. त्यात खूप चांगलं आहे. शरीराकडे लक्ष वेधलं, हे मोठं काम. पण दडपलेल्या आठवणी जशाच्या तशा परत येतात, या कल्पनेवर मानसशास्त्रात मोठा वाद आहे, हे ते वाचून भारावलेल्यांना माहीत नसतं. आणि त्यातून निघालेल्या रील्समध्ये सगळं खापर आईवर फुटतं. बाप कुठे असतो देव जाणे.

दुसरा मोठा अभ्यास १९९८ चा, फेलिटी आणि अँडा यांचा, अमेरिकेतल्या साडेनऊ हजारांहून जास्त प्रौढांवरचा. बालपणीच्या वाईट अनुभवांचा आकडा जितका जास्त, तितका मोठेपणी हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. धोका जास्त, नशीब ठरलेलं नव्हे. हे वाक्य घरी जाताना बरोबर न्या. पण त्या प्रश्नावलीत बहुतेक प्रश्न घराच्या चार भिंतींतले आहेत. जात नाही. स्थलांतर नाही. लग्नगडीचं पोर त्यात कुठे बसवणार? दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारं, आणि पावसाळ्याआधी परतणारं कातकरी मूल कुठे बसवणार? तारापूर प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. आपला समुद्र, आपली पायवाट एका वर्षात नाहीशी झालेलं मूल आज तरुण असेल. त्याला कुणी कधी विचारलं का?

आणि भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले, धुंदलवाडी हे नाव रोज पेपरात. लोक तंबूत झोपले, वर्ग उघड्यावर भरले. आकड्यांत ते धक्के लहान होते. पण मुलाच्या दृष्टीनं बघा, जमीन ही एकच गोष्ट हलत नाही असा भरवसा असतो, तोच गेला. तेव्हा मला कुरणशाळा आठवली. उघड्यावरचा वर्ग हा एकदा निवड होती, आता नाइलाज. पण बाई तीच असेल, गाणं तेच असेल, तर मूल त्याही जमिनीवर बसतं.

बोईसरबद्दल एकच सांगते. इथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, विदर्भ, कुठून कुठून कुटुंबं आली आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत बाप नाइट शिफ्ट करून दिवसा झोपतो आणि पोरांना दिवसभर 'आवाज करू नको' एवढंच ऐकायला मिळतं. हा अत्याचार नाही, कुणी दुष्ट नाही. तरी ते मूल आवाज न करायला शिकतं. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती, तीन वर्षं तिनं हात वर केला नाही. तिच्या आईबापाला दोष देणं मला सोपं होतं. मी मानसशास्त्राची पुस्तकं वाचायला लागले ती तिच्यामुळे.

थोडा वेळ प्रश्नांना. चिठ्ठ्या आल्यात, दोन घेते.

पहिली : 'आईवडिलांना माफ केल्याशिवाय बरं होता येतं का?' येतं. माफी ही तुमची खासगी बाब आहे, ती औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. त्यांच्यावर काय गुजरलं होतं हे समजून घेणं वेगळं, आणि जे केलं ते ठीक होतं म्हणणं वेगळं. पहिलं करा. दुसरं करायची सक्ती कुणालाही नाही, सणावारालासुद्धा नाही.

दुसरी चिठ्ठी एका अंगणवाडी ताईंची आहे. 'एक मूल आलं की भिंतीला चिकटून बसतं, जेवतही नाही, काय करू?' ताई, पहिले काही दिवस त्याला गोलात ओढू नका. त्याच्यापासून दोन हातांवर बसा, बियांचं काहीतरी मांडा, रोज त्याच जागी. नावानं हाक मारा, पण उत्तराची वाट बघू नका. घरी जाऊन आईशी बोला, चौकशीच्या सुरात नको, चहाच्या सुरात. अंगावर वळ, जखमा दिसल्या किंवा त्यानं काही वेगळं सांगितलं, तर मात्र एकट्या राहू नका. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गावातल्या माणसांनी मिटवायची ती गोष्ट नाही. आणि तुमचं स्वतःचं मन जड झालं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, मराठीत बोलतात. तो नंबर जरा फळ्यावर लिहा हो कुणीतरी, मागे दिसेल असा.